पाण्याला येणारा वास

प्रिय नाकोबा,

तुझं खोकं पोचलं. उघडलं नाही. दाराशी चपलांच्या कपाटाला टेकवून उभं करून ठेवलंय. येणारा-जाणारा त्याला वळसा घालून आत येतो आणि "नवीन काय घेतलंत?" म्हणून विचारतो. मी "भावाचं प्रेम" असं सांगते. वजनावरून तरी तसंच वाटतं. लगेच रागावू नकोस. रागवायचंच असेल तर पत्र संपेपर्यंत दम धर. तुझ्याकडून दम धरण्याची अपेक्षा मी पहिल्यांदाच करतेय, तेव्हा एवढं चालवून घे.

फोन सोडून पत्र कशाला, असं वाटेल तुला. एक तर फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. मी 'हं' म्हणायच्या आत "दाब किती येतोय, कार्ट्रिज कधी बदललीस, पहिलं पाणी सांडून दिलंस ना ताई" अशी सरबत्ती सुरू होते, आणि गिऱ्हाइकाची समजूत काढायचा तुझा तो लोण्यात बुडवलेला आवाज ऐकला की मी खरोखरच गिऱ्हाईक होऊन बसते. दुसरं म्हणजे घर एवढंसं, आणि आईचे कान तुला माहीत आहेत. तिसरं कारण शेवटी सांगेन. प्रयोजन ग्रंथाच्या आरंभी सांगावं असा आमच्या शास्त्रात दंडक आहे आणि मी तो जन्मभर पोरांच्या डोक्यात कोंबत आले. आज मोडते. आरंभीच सांगितलं तर तू पुढचं वाचणार नाहीस.

तर पाणी. उन्हाळा नुकता सुरू झाला होता. सकाळी मी चहाचं आधण ठेवायला गेले तर आई ओट्याशी उभी. हातात नळाचा भरलेला पेला, नाक पेल्याच्या काठापाशी, नजर समोरच्या भिंतीवर. "मातीचा वास येतोय," म्हणाली. मी हुंगलं. मला काही आलं नाही. तसं सांगितलं, तर तिनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती तू ओळखतोस. या घरात माझ्या नाकाला मत नाही.

का नाही, ते तुला सांगायला नको, पण आठवायला मला बरं वाटतं. जलशुद्धीकरण केंद्रातल्या प्रयोगशाळेचं ते लांब पांढरं टेबल, खिडकीतून दिसणारे पाण्याचे चौकोनी हौद, आणि सुट्टीत आईबरोबर तिथे जाऊन बसलेले आपण दोघं. सगळी माणसं पाण्याचं यंत्र, पाण्याचा पंप, पाण्याची टाकी सांभाळत होती. आपली आई पाण्याचा वास सांभाळायची. कोमट केलेल्या पाण्याचे चंबू ओळीनं मांडलेले, प्रत्येकाला काचेचं बूच. बूच काढायचं, हुंगायचं, लावायचं, आणि शेजारच्याकडे न बघता कागदावर लिहायचं. टेबलावर बसायच्या दिवशी अत्तर नाही, वासाचा साबण नाही, कच्चा कांदा नाही, आधी चहा नाही. एकट्या नाकाचा निकाल धरायचा नाही. आणि त्या ओळीत कुठेतरी एक चंबू कोरा असायचा, म्हणजे कोळशातून गाळून गाळून ज्याला कसलाही वास उरलेला नाही असं पाणी. कुठला, ते फक्त मांडणाऱ्याला माहीत. कोऱ्यात ज्याला वास सापडला, त्यानं त्या दिवशी टेबलावरून उठायचं. वाद नाही, दुसरी संधी नाही. ते टाय लावणारे साहेब आठवतात? कोऱ्याला "गवतासारखा वास" म्हणाले, आणि आईनं चष्म्यावरून बघत "उठा" म्हटलं. तिच्याहून दोन पायऱ्या वरचे होते. मुकाट उठले.

तू एवढासा होतास आणि तुझं एकही उत्तर चुकत नव्हतं. एका चंबूला तू "ओल्या पाटीचा वास" म्हणालास आणि आईनं चक्क टेबलावर हात आपटून हसून घेतलं, कारण त्यात तिनं पाटीच बुडवून ठेवली होती. मला तिनं मूठभर चिखल कालवलेला चंबू दिला तरी मी "स्वच्छ" म्हणाले. तेव्हापासून तू नाकोबा झालास आणि मी नकटी. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात. माझ्या बाबतीत एवढी विघ्नं येण्याइतकं प्रकरण पुढे गेलंच नाही, ही देवाची दया. असो. सांगायचा मुद्दा, आईच्या मनात तिच्यानंतर त्या टेबलावर तूच बसायचा होतास. हे तिनं तुला कधी सांगितलं नाही. मलाही नाही. पण तुझ्यासाठी घेतलेला पांढरा कोट, मोठ्या मापाचा, अजून तिच्या कपाटात आहे.

आणि तू निघालास फिल्टर विकायला.

मी तुला दोष देत नाहीये. कुणीतरी विकणारच होतं, आणि तुझे फिल्टर चांगले आहेत असं सगळे म्हणतात. पण तो फलक, बाबा रे, तो फलक तू नेमका केंद्राच्या फाटकासमोरच्या बसथांब्यावर लावायला नको होतास. हातात नळाच्या पाण्याचा पेला, आणि नाक मुरडलेला तुझा घराएवढा चेहरा. खाली लिहिलेलं, "वास येतोय ना?" जागा जाहिरातवाल्यांनी ठरवली, तुला विचारलं नाही, हे तू मला सांगितलंस आणि मी विश्वास ठेवला. आईला मी ते सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "चेहरा तर त्यानंच दिला ना." नोकरीची उरलेली वर्षं ती तो थांबा सोडून पुढच्या थांब्यापर्यंत चालत जायची, पाय दुखत असले तरी. निरोपसमारंभाला तू रेशमी फीत बांधून तुझा फिल्टर पाठवलास, तोही तिनं फीत न सोडता माळ्यावर टाकला. माझ्या लेखी तो प्रश्न तिथेच मिटला होता. या घरात फिल्टर आला तर तो माळ्यावर राहील, आणि तू आलास तर पाहुण्यासारखा बसून जाशील.

म्हणूनच त्या उन्हाळ्यात, मातीचा वास आठवडाभर काही केल्या जाईना तेव्हा आई जेवता जेवता म्हणाली, "तो माळ्यावरचा काढ," तर माझ्या हातातला घास हातात राहिला. मी पुन्हा विचारलं. "काढ म्हटलं ना. धाकट्याचा तो काढ." मी स्टुलावर चढले, खाली उतरले, आणि तुला फोन केला. तू म्हणालास, "ताई, आई वळली गं." दुकानातल्या सगळ्यांना चहा पाजलास म्हणे त्या दिवशी. मीही इथे एकटीनं दोन कप प्यायले. आपल्या दोघांनाही तेव्हा हेच दिसलं, की धरणात उन्हाळ्याचं शेवाळ माजलंय, पाण्याला मातीचा वास येतोय, आणि त्या निमित्तानं आईनं अढी सोडली. शेवाळाचे मी मनातल्या मनात आभारही मानले.

फिल्टर बसवला. वास राहिला. तू कार्ट्रिज पाठवलीस, वास राहिला. मोठ्या कणांच्या कोळशाची पाठवलीस, मग बारीक कणांची. मी पहिलं पाणी सांडून दिलं, दुसरंही दिलं, झाडं बिचारी तृप्त झाली. इमारतीची टाकी रिकामी करून घासून घेतली, त्यापायी दिवसभर सगळे शेजारी बादल्या घेऊन माझा उद्धार करत होते. नळ बदलला. पेले बदलले. आईनं थेट केंद्रात तक्रार केली. विचार कर, ज्या टेबलाची ती देवी होती त्याच टेबलाविरुद्ध! तिची शिष्या, आता ती तिथली प्रमुख आहे, स्वतः बाटल्या घेऊन घरी आली, ओट्यावरून नमुना घेतला, आईच्या पाया पडून गेली, आणि दोन दिवसांनी अवघडून फोन केला, "मॅडम, आम्हा कुणालाच काही सापडलं नाही." आई मला म्हणाली, "आता टेबलावर कोणीही बसतं."

मी तिला चिडवायची सुद्धा. आमच्या नैयायिकांचं, म्हणजे जुन्या तर्कशास्त्र्यांचं, मत असं, की गंध हा फक्त पृथ्वीचा गुण. पाण्याला मुळात वास नाहीच. वास आला तर त्यात पृथ्वी मिसळली आहे असं समजावं. हे मी तिला सांगितलं तर म्हणाली, "मग तुझ्या नैयायिकांना बोलाव आणि टाकीत उतरव. कुठून मिसळते ते बघू देत." आम्ही दोघी हसलो. फार हसलो. त्या हसण्याची आता भीती वाटते.

एक गोष्ट मी पाहत होते आणि मला ती दिसत नव्हती. आई अधूनमधून थांबायची. पेला हातात, नजर भिंतीवर, ओठ जरासे चघळल्यासारखे हलायचे. हाक मारली तर ऐकू न गेल्यासारखी. थोड्या वेळानं भानावर यायची आणि म्हणायची, "आला बघ वास." दुसऱ्या कुठल्याही घरातली मुलगी त्याच दिवशी घाबरली असती. पण नाकोबा, आपली आई जन्मभर तशीच तर उभी राहायची! चंबू नाकाशी धरून, साऱ्या जगाला बाहेर ठेवून. आपण लहानपणी "आई हुंगतेय, गप्प" म्हणून एकमेकांना कोपरं मारायचो. मी या खेपेलाही गप्प राहिले. चहाचा कप तिच्यापाशी ठेवून चोरपावलांनी बाहेर आले, तिची एकाग्रता मोडू नये म्हणून.

मग एके दिवशी तिला टॉवेलला तो वास आला. कोरड्या. मग वर्तमानपत्राला. मग तिनं मला हाक मारली आणि एक पेला पुढे केला, "हा बघ, यालाही," म्हणाली, आणि पेला रिकामा होता. तिनंही तो पाहिला. पेला पालथा ठेवला आणि आंघोळीला गेली. बाहेर आल्यावर म्हणाली, "उद्या टेबल मांड."

मी मांडलं. जेवणाचं टेबल पुसून घेतलं, वर पांढरी चादर घातली. ओळीनं पेले, प्रत्येकावर बशी. तिनं सांगितलं तसं: काहींत नळाचं, काहींत तुझ्या फिल्टरचं. कोरं पाणी तिच्या शिष्येनं केंद्रातून बाटलीत बंद करून पाठवलं होतं. आईनं सांगितलं की कोरा एक ठेव. मी आपल्या बुद्धीनं, तिला न सांगता, सगळेच पेले कोऱ्यानं भरले. का, ते मला नीट सांगता येत नाही. तोवर मनात पाल चुकचुकली होती, आणि ती चुकचुकतेय ते खोटं ठरावं एवढंच मला हवं होतं. तिला एकाही पेल्यात वास येऊ नये आणि तिनं मला "मूर्ख, सगळे एकच आहेत की" म्हणून झापावं, असं मी मनात म्हणत होते. मला इतकं झापून घ्यावंसं कधीच वाटलं नव्हतं.

ती सकाळी चहा न घेता बसली. साध्या पाण्यानं हात धुतले होते. पांढरी साडी नेसली होती, कामावरची. पहिला पेला: बशी सरकवली, हुंगलं, झाकलं, कागदावर लिहिलं, "माती". दुसरा: "माती". तिसऱ्याला जरा थांबली, ओठ हलले, मग "माती, जळकट". मी समोर बसून तिचा हात बघत होते. अक्षर अजून तसंच, टपोरं. शेवटचा पेला झाल्यावर तिनं पेन्सिल खाली ठेवली आणि विचारलं, "कोरा कुठला होता?" मला खोटं बोलता आलं असतं. "नव्हताच ठेवला" म्हटलं असतं तर संपलं असतं. पण त्या टेबलाशी खोटं बोलायला मी अजून शिकलेले नाही. "सगळेच," म्हटलं.

तिनं ओळीवरून एकदा नजर फिरवली. मग चष्मा काढला, खुर्ची मागे सरकवली आणि म्हणाली, "मग उठते मी." उठली. कुणीतरी दुसऱ्याच माणसाला उठवावं तशा आवाजात बोलली होती, त्या टायवाल्या साहेबांना म्हणाली होती त्याच आवाजात. आपल्या खोलीत गेली, आणि त्या दिवसानंतर घरात पाणी हा विषय तिनं काढला नाही.

काविळीच्या माणसाला पांढरा शंख पिवळा दिसतो. भ्रम म्हणजे काय हे शिकवताना मी वर्षानुवर्षं हाच दाखला देत आलेय. फळ्यावर शंख काढते, पोरं हसतात, कारण तो बटाट्यासारखा येतो. मग विचारते, शंख घासून उपयोग होईल का? पोरं एका सुरात "नाही" म्हणतात. पहिल्या बाकावरच्यांना कळतं, शेवटच्या बाकावरच्यांनाही कळतं. आणि आपण तिघं, एक पाण्यातली तज्ज्ञ, एक फिल्टरमधला, एक साक्षात भ्रमाची मास्तरीण, अख्खा उन्हाळा शंख घासत बसलो. वेगवेगळ्या जाडीच्या कोळशानं.

डॉक्टरांनी फोटो दिव्यावर लावून दाखवला. मेंदूत, डाव्या कानाच्या वरच्या अंगाला, आत. वासाचं घर तिथेच असतं म्हणे. ती गाठ मधूनच ठिणगी टाकते आणि नसलेला वास येतो; माणूस तेवढा वेळ थबकतो, तोही त्याचाच भाग. "कधीपासून?" त्यांनी विचारलं. उन्हाळ्यापासून, म्हटलं. "तेव्हाच आला असता तर..." एवढं बोलून ते फोटो उतरवू लागले. न उच्चारलेला शब्द ऐकणाऱ्यानं भरून घ्यायचा, याला आम्ही अध्याहार म्हणतो. मी भरून घेतला. आता गाठ हात लावण्यासारखी राहिलेली नाही. गोळ्यांनी थबकणं कमी होईल, झालंही आहे. किती दिवस, हे मी विचारलं नाही, त्यांनीच चष्मा पुसत सांगितलं, "पुढचा उन्हाळा धरून चालू नका."

हे तुला कळवायला मला इतके दिवस का लागले, ते आता तुझ्या लक्षात आलं असेल. आई आजारी आहे हे कसंही सांगितलं असतं. पण त्याच्या पोटात दुसरी बातमी आहे, आणि ती सांगायला जीभ रेटत नव्हती. आई वळली नव्हती, नाकोबा. तुझा फिल्टर माळ्यावरून उतरला तो अढी सुटली म्हणून नाही, गाठीमुळे. तू चहा पाजलास तो गाठीचा. गेल्या आठवड्यात फोनवर म्हणालास, "ताई, माझ्याच मालात खोट असणार, तो प्रकारच मी विक्रीतून काढून टाकतो, आईसाठी नवीन मोठं यंत्र पाठवतो," आणि मी "बरं" म्हणून फोन ठेवला. ते यंत्र आता दाराशी उभं आहे. मी उघडत नाही, याचं कारण हे.

आईला मी तुझं ते बोलणं सांगितलं. ती उशीला टेकून बसली होती. अलीकडे शब्द शोधावे लागतात तिला. परवा पेल्याला "ते पाण्याचं" म्हणाली. पण हे ऐकल्यावर ताठ झाली. "त्याला म्हणावं, माल मागे घेऊ नकोस. यंत्र निर्दोष आहे. कोऱ्यात वास काढणाऱ्या नाकाच्या सांगण्यावरून कुणी माल मागे घेतं का? शिकवलं काय होतं मी त्याला?" मला वाटलं, झालं. तोंडानं माफी मागायची नसते तेव्हा आपल्या घरात असंच बोलतात. मी उठायला लागले तर तिनं माझं मनगट धरलं. म्हणाली, "हे नाक कधीपासून खोटं बोलतंय?"

मी म्हटलं, उन्हाळ्यापासून. ती म्हणाली, "उन्हाळ्यापासून नसलेला वास येतोय. पण असलेला वास न येणं कधी सुरू झालं? ते कसं कळणार?" डॉक्टरांना तिनं हेच विचारलं होतं, मी औषधं आणायला गेले असताना. त्यांनी सांगितलं, सांगता येत नाही, अशा गोष्टी कधीकधी वर्षानुवर्षं मुकाट बसून असतात. मी तिला म्हटलं, अगं, टेबलावर तू एकटी होतीस का? एकट्या नाकाचा निकाल धरायचा नाही, हा तुझाच ना नियम? तर म्हणाली, "टेबलावरची सगळी नाकं मी शिकवलेली. माझ्या 'नाही'वर वाढलेली. मी 'नाही' म्हटल्यावर 'आहे' म्हणायची छाती कुणाची होती?" आणि मग भिंतीकडे बघून, पण या वेळी पूर्ण भानावर असताना, म्हणाली, "एकच होता. त्याला मी थांबा बदलून उत्तर दिलं."

तेव्हापासून ती हेच घेऊन पडून आहे. मरणाचं तिला फारसं काही वाटत नाही. त्या विषयावर मी काही बोलायला गेले तर "तुझे नैयायिक काय म्हणतात ते मग सांग" म्हणून मला गप्प करते. पण आपण वर्षानुवर्षं सही करत होतो, 'वास नाही, चव निर्दोष', आणि साऱ्या गावानं ते पाणी आपल्या शब्दावर पोरांना पाजलं, आणि कदाचित वास होता, हे तिला खातंय. तिचे चंबू, तिचा तो कामाचा डौल, पुढच्या थांब्यापर्यंतचं ते चालणं, सगळं त्या एका प्रश्नावर टांगलंय. मी तिला शंभरदा सांगितलं की पाणी चांगलं होतं. ती माझ्याकडे बघून हसते. चिखलाला स्वच्छ म्हणणारी मी. माझी साक्ष कोण धरणार?

म्हणून हे पत्र. त्या फलकासाठी तू पेला हातात घेतलास आणि नाक मुरडलंस, तेव्हा त्या पाण्याला खरंच वास येत होता का? की छायाचित्रकारानं "जरा नाक मुरडा" म्हटलं आणि तू मुरडलंस? हे तुला आणि फक्त तुलाच माहीत आहे. एका उत्तरात तू खोटा ठरतोस, दुसऱ्यात ती. तिसरं उत्तर मी शोधून पाहिलं, मला सापडलं नाही. तिला बरं वाटेल ते सांगू नकोस. नाक गेलं तरी तिचे कान शाबूत आहेत, आणि तुझा तो लोण्याचा आवाज ती दारातून ओळखेल. फोनवर नको, चिठ्ठीनं नको. समोर बसून, तिच्याकडे बघून, जे होतं ते सांग. लवकर ये. शब्द रोज थोडे कमी होतायत, आणि प्रश्न विचारलेला तिच्या लक्षात आहे तोवर उत्तर पोचायला हवं. येताना यंत्र आणू नकोस, कार्ट्रिज आणू नकोस, फळंबिळं काही नको. तो पांढरा कोट मी धुऊन ठेवलाय, नुसत्या पाण्यानं. त्या दिवशी अत्तर लावू नकोस, वासाच्या साबणानं तोंड धुऊ नकोस, आणि वाटेत कुठे चहा घेऊ नकोस. टेबल मी मांडून ठेवते.

तुझीच,
नकटी